पंचेचाळिशीत २५ किलो वजन उतरवलं, आता ते परत चढू नये म्हणून काय करावं?
रोजचा व्यायाम सोडू नका आणि आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहा. वजन घटलं की लेप्टिन हे हार्मोन कमी होतं, भूक वाढते, आणि शरीर बसल्याजागीही पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करतं. वजन परत वाढवण्याकडे शरीराचा हा कल वर्षभरानंतरही राहतो, त्यामुळे दोष तुमच्या मनोनिग्रहाचा नाही. किमान १३.६ किलो घटवून वर्षभर टिकवलेल्यांची एक नोंदवही अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली. त्यातले लोक सरासरी रोज तासभर व्यायाम करतात, आणि त्यात सर्वांत जास्त आढळणारा व्यायाम म्हणजे चालणं! या वयात स्नायूही झिजतात, म्हणून आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच. मात्र ही नोंदवही फक्त यशस्वी झालेल्यांची आहे. याच सवयींमुळे वजन टिकलं, असं तिच्यावरून सिद्ध होत नाही.