इंदूरहून चार गाड्या घेऊन जानेवारीत स्पितीला बर्फात कॅम्पिंग: हवामान खराब असताना तयारी कशी करावी?

अकरा जण आहात आणि निघायच्या आठवड्यातच जोरदार बर्फाचा इशारा आहे, म्हणून आधी हेच सांगतो: तारीख पुढे ढकला. गाड्या स्वतःच्या आहेत, चार दिवसांनी निघालात तर काहीच बिघडत नाही.

मनालीहून कुंझुममार्गे जायचा विचार सोडा. ती खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे, हिवाळ्यात बंदच असते. काझाला, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावाला, शिमला-किन्नौरमार्गेच जावं लागतं, आणि ते बरंच आहे, कारण उंची हळूहळू वाढते. आपलं इंदूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर. म्हणून शरीराला उंचीची सवय व्हायला वाटेत किन्नौरमधल्या कल्पाला दोन रात्री थांबाच.

मैदानात भरलेल्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत गोठतं आणि फिल्टर तुंबतो, म्हणून वरच्या पंपांवर भरत जा. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर ते काढून घरूनच कूलंट (थंडीत सहज न गोठणारं द्रव) भरून निघा. टायरच्या साखळ्या चढवायचा सराव अंगणात करा, हातमोजे घालून. तिथे उघड्या बोटांनी जमत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तंबूत सिगडी किंवा स्टोव्ह पेटवून झोपू नका, कितीही थंडी वाजली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणंही तसंच. सायलेन्सर बर्फात बुजला की धूर आत येतो.

आणि परतायचा नियम इंदुरातच ठरवा: दुपारी दोनपर्यंत मुक्काम गाठला नाही, किंवा एकानेही ‘मागे फिरू’ म्हटलं, तर चारही गाड्या वळतील.