ज्या साइटला आरएसएस नाही तिची फीड कशी बनवायची? कोणतं टूल चांगलं?

फीड म्हणजे साइटवरच्या नव्या नोंदींची यादी, जी आरएसएस रीडर ठरावीक वेळाने वाचतो. टूलचं आधी उरकतो. फ्रेशआरएसएस हा रीडर वापरत असाल तर त्यातच एक्सपाथ (हवा तो भाग पानात कुठे आहे ते सांगणारी ओळ) देऊन फीड बनवायची सोय आहे. नसाल तर आरएसएस-ब्रिज किंवा आरएसएसहब स्वतःच्या सर्व्हरवर टाका. पण त्याआधी पानाचा सोर्स उघडून त्यात 'आरएसएस' आणि 'एटम' हे शब्द शोधा. बऱ्याचदा फीड चालू असते, फक्त बटण काढून टाकलेलं असतं. वर्डप्रेसची साइट असेल तर पत्त्याच्या शेवटी स्लॅश लावून 'फीड' लिहून बघा.

टूल कोणतंही घ्या, रडायला लावणार जीयूआयडी, म्हणजे फीडमधल्या प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख. या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत कुणीतरी 'लिंकच जीयूआयडी म्हणून द्या, झालं' असं सांगून मोकळा होतो, आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. रीडर नोंद नवी की जुनी हे त्या एका ओळीवरून ठरवतो. आता साइटने लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर सेशनचा आकडा चिकटवला असेल, तर तो दर फेचला, म्हणजे टूल पान आणायला जातं तेव्हा, बदलतो. पानावर 20 नोंदी आणि फेच दर अर्ध्या तासाला, म्हणजे दिवसाला 960 'नव्या' नोंदी! प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं कापावं, तर काही साइटवर नोंदीचा खरा आयडी तिथेच असतो. मग सगळ्या नोंदींची एकच लिंक होते आणि रीडरमध्ये एकच दिसते. म्हणून दोनदा फेच करून लिंका शेजारी ठेवा आणि बदलणारं तेवढंच पॅरामीटर काढा.

'मग शीर्षकाचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक कोड) घ्या' हे त्याहून वाईट. कुणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं की तीच नोंद पुन्हा येते. उलट 'महत्त्वाची सूचना' या एकाच मथळ्याखाली दर महिन्याला नवं काही टाकणारी साइट असेल, तर दुसरी सूचना तुम्हाला कधी दिसतच नाही. नोंदीचा आकडी आयडी एचटीएमएलमध्ये कुठे मिळतो का बघा, डेटा-आयडी वगैरे. तो घेतलात तर इझपरमालिंक (जीयूआयडी हाच नोंदीचा पत्ता आहे का, हे सांगणारी खूण) 'फॉल्स' लिहायला विसरू नका. न लिहिल्यास 'ट्रू' धरलं जातं आणि काही रीडर तो आकडाच पत्ता समजून उघडायला जातात.

तारखेचंही तेच. पानावर तारीख नाही म्हणून फेचची वेळ पबडेटमध्ये (फीडमधल्या नोंदीच्या तारखेत) टाकली, की जुन्या नोंदी दर खेपेला उडी मारून वर येतात. एका लहानशा एसक्यूलाइट (डेटाबेस) फाइलमध्ये जीयूआयडी आणि तो पहिल्यांदा दिसला ती वेळ ठेवा, नंतर कायम तीच द्या. पायथनचं फीडजेन (फीड लिहिणारी लायब्ररी) वापरणार असाल तर तारखेला टाइमझोन लावा, नाहीतर ते सरळ एरर देतं. सापेक्ष (साइटचं नाव नसलेल्या) लिंका पूर्ण पत्त्यात बदला.

पान जावास्क्रिप्टने भरत असेल तर लगेच हेडलेस (खिडकीविना चालणारा) ब्राउझर चढवू नका. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून पान रिफ्रेश करा. बहुधा जेसन (नीट मांडलेला डेटा) येताना दिसेल आणि त्यात आयडी, तारीख दोन्ही आयते मिळतील. सिलेक्टर (पानातला हवा तो भाग पकडणारी ओळ) लिहायचाच झाला तर 'तिसऱ्या डिव्हमधला दुसरा' असा लिहू नका. अर्थहीन अक्षरांचे क्लासही टाळा, ते पुढच्या बिल्डला बदलतात. लिंकच्या पत्त्यातल्या ठरावीक तुकड्यावर पकडलेला सिलेक्टर जास्त टिकतो.

साइटची रचना बदलली की शून्य नोंदी सापडतात, फीड रिकामी होते, आणि तुम्हाला वाटतं नवं काही आलंच नाही. 'तुम्ही माणूस आहात का' विचारणारं पडताळणीचं पान 200 ('सगळं ठीक') कोडने आलं तरी हेच होतं. शून्य नोंदी आल्या तर जुनी फाइल तशीच ठेवा आणि तिच्यात 'सिलेक्टर तुटला' अशी एक नोंद घाला. त्या नोंदीचा जीयूआयडी मात्र दिवसाला एकच ठेवा.

आणि हो, तासातून एकदा फेच पुरे. सर्व्हरकडून ईटॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) मिळत असेल तर पुढच्या विनंतीत परत पाठवा; 304 ('काही बदललं नाही') आला की पार्स करायची गरजच नाही. 429 ('फार विनंत्या केल्या') आला तर गुमान थांबा. लॉगिनच्या आतल्या पानाची फीड बनवणार असाल तर ती उघड्या पत्त्यावर ठेवू नका.