वाचकांचे प्रश्न : प्रेमापोटी काढलेले कर्ज

प्रश्न : 'द टिंडर स्विंडलर' हा माहितीपट नुकताच पाहिला. खासगी विमान आणि पंचतारांकित हॉटेल पाहून त्यातील तरुणी भुलल्या, असेच माझे मत झाले. श्रीमंत जोडीदाराच्या नादात फसलेल्यांची कणव का करावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : फेलिसिटी मॉरिस दिग्दर्शित हा माहितीपट फेब्रुवारी २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, तेव्हाही अनेकांनी हेच म्हटले होते. मात्र त्यातील घटनाक्रम नीट पाहिला, तर लोभाचा आरोप टिकत नाही. 'टिंडर' या जोडीदार शोधण्याच्या ॲपवर सायमन लेव्हिएव्ह या नावाने वावरणाऱ्या शिमोन हायुत या इस्रायली भामट्याने सुरुवातीला कोणाकडेही काही मागितले नाही. उलट, तेथे ओळख झालेल्या नॉर्वेच्या एका तरुणीला त्याने लंडनमधील पहिल्याच भेटीनंतर खासगी विमानाने बल्गेरियाला नेले आणि त्या विमानात त्याची लहान मुलगी व तिची आईही होती. मुलीवर जीव असलेला आणि तिच्या आईशी सलोख्याने वागणारा माणूस, ही छाप हॉटेलच्या थाटापेक्षा अधिक खोल उमटली असणार, असे आम्हाला वाटते. हा सारा थाट आधी फसवलेल्या स्त्रियांच्या पैशांवर चालत असे. याची टोपी त्याला, असाच तो व्यवहार होता.

त्यानंतर रोजचे ध्वनिसंदेश, फुले, एकत्र राहण्यासाठी घर शोधण्याच्या गोष्टी झाल्या. आणि मग एका रात्री रक्तबंबाळ अंगरक्षकाची छायाचित्रे आली. शत्रू मागावर आहेत, माझे कार्ड वापरले तर ठावठिकाणा कळेल, तेव्हा काही दिवस तुझ्या नावावरचे कार्ड वापरू दे, अशी ती विनवणी होती. म्हणजे त्या तरुणीने पैसे दिले ते जिवावर बेतलेल्या माणसाला वाचवण्यासाठी, आणि त्याच्या श्रीमंतीचा उपयोग एवढाच झाला की हा आपले पैसे बुडवणार नाही, याची तिला खात्री वाटली. कार्डाची मर्यादा संपली, तेव्हा ती आपल्याच कंपनीत भरघोस पगारावर नोकरीला असल्याची खोटी कागदपत्रे त्याने पुरवली आणि मर्यादा वाढवून घेतली. पुढे एकामागून एक वैयक्तिक कर्जे काढता काढता तिच्या डोक्यावर नऊ ठिकाणांचे देणे झाले.

तिने चौकशी केली नव्हती, असेही नाही. इंटरनेटवर तिने त्याचे नाव शोधले होते. पण हिऱ्यांचे प्रसिद्ध व्यापारी लेव्ह लेव्हिएव्ह यांच्याशी कोणतेही नाते नसताना हायुतने कायदेशीररीत्या त्यांचेच आडनाव घेतले होते, त्यामुळे शोधणाऱ्याला त्या खऱ्याखुऱ्या घराण्याचीच माहिती मिळे. आपल्याकडे स्थळाची चौकशी करताना शेजारी, कार्यालयातील सहकारी, गावाकडचा एखादा नातेवाईक अशा, मुलाने स्वतः न सुचवलेल्या माणसांना विचारतात. येथे मात्र तिच्या दृष्टीस पडणारी प्रत्येक खूण त्यानेच मांडून ठेवलेली होती.

प्रश्न : इतके पुरावे असूनही त्याला नाममात्र शिक्षा कशी झाली? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ती शिक्षा या तरुणींच्या प्रकरणात झालेलीच नाही. नॉर्वेच्या 'व्हीजी' या वृत्तपत्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये हे प्रकरण उघडकीस आणले. त्याच वर्षी बनावट पारपत्रासह तो ग्रीसमध्ये पकडला गेला. त्याचा माग ॲमस्टरडॅमच्या, त्यानेच फसवलेल्या तरुणीने पोलिसांना दिला होता. तत्पूर्वी तिने त्याचे उंची कपडे 'विकून देते' म्हणून ताब्यात घेतले आणि आलेले पैसे स्वतःकडेच ठेवले, हा माहितीपटातील सर्वांत समाधानाचा प्रसंग म्हणावा लागेल. इस्रायलमध्ये त्याला डिसेंबर २०१९ मध्ये १५ महिन्यांची कैद झाली, ती तेथील जुन्या फसवणूक व बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्यांसाठी. आणि कोविडच्या काळात सुमारे ५ महिन्यांतच तो सुटला. तरुणींची अडचण अशी की, कर्जावर सही त्यांची होती आणि पैसेही त्यांनी स्वहस्ते पाठवले होते, त्यामुळे कागदोपत्री देणेकरी त्याच ठरल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी, असे याला कोणी म्हटले तर आम्ही हरकत घेणार नाही.

प्रश्न : पैशांची मागणीच नसेल, तर अशा खोट्या ओळखीमागे हेतू काय असतो? (एक वाचक, पणजी)

उत्तर : २०१० च्या 'कॅटफिश' या अमेरिकी माहितीपटात याचे एक उत्तर आहे. न्यूयॉर्कच्या एका तरुण छायाचित्रकाराचे मिशिगनमधील एका मुलीशी फेसबुकवर सूत जमते. प्रत्यक्षात ती मुलगी, तिची भावंडे आणि मित्रमंडळी अशी बहुतेक खाती एक विवाहित स्त्रीच चालवत असते. 'मी गायलेली' म्हणून पाठवलेली गाणी दुसऱ्याच गायिकांची निघतात, तेव्हा पहिला संशय येतो. त्या स्त्रीला संसाराच्या रामरगाड्यात राहून गेलेले आयुष्य जगायचे होते. या माहितीपटाच्या अस्सलपणावर आक्षेप घेतले गेले आणि निर्मात्यांनी ते फेटाळले. तरीही त्या घरातील शेवटची दृश्ये अवश्य पाहावीत.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीची विवाहविषयक संकेतस्थळावर लंडनच्या एका 'डॉक्टर'शी ओळख झाली. त्यांनी पाठवलेले दागिन्यांचे पार्सल दिल्लीला कस्टम्सने अडवल्याचा फोन आला असून, एका खात्यात तातडीने ६५ हजार रुपये भरायला सांगितले आहे. बहीण म्हणते, लग्नाचे बोलणे झालेल्या माणसावर संशय कसा घेऊ? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एक रुपयाही भरू देऊ नये. सीमाशुल्क कोणाच्या व्यक्तिगत बचत खात्यात भरले जात नाही. पहिली रक्कम गेली, की पार्सलमध्ये परकीय चलन सापडल्याचे सांगून दुसरी, अधिक मोठी मागणी येते, हा या टोळ्यांचा ठरलेला क्रम आहे. बहिणीला मूर्खात काढू नका, नाहीतर ती तुमच्यापासून लपवून पैसे भरेल. पार्सलचा क्रमांक मागून घ्या आणि फोन करणाऱ्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर कुरिअर कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर तिच्यासमोरच विचारणा करा. पैसे आधीच गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या मदतवाहिनीवर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच ती बँकेत रोखता येते. तोतयेगिरी करून संगणकाच्या किंवा मोबाइलच्या माध्यमातून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. संदेश, खाते क्रमांक आणि व्यवहाराच्या नोंदी जपून ठेवा आणि तक्रार नोंदवण्यापूर्वी त्या 'डॉक्टर'ला त्याची कुणकुण लागू देऊ नका. तसे झाल्यास त्याचे प्रोफाइल आणि फोन दोन्ही बंद होतील.