आयएसएलमधला (इंडियन सुपर लीग, भारताची फुटबॉल लीग) ओगबेचे भारतात येण्याआधी कुठे खेळत होता?

जवळजवळ अर्ध्या युरोपात. नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे पॅरिस सेंट जर्मेनच्या अकादमीत वाढला आणि 2002 च्या विश्वचषकात अवघ्या 17 व्या वर्षी नायजेरियाकडून अर्जेंटिनाविरुद्ध उतरला. पुढे फ्रान्समध्ये बास्तिया आणि मेट्झ, मग अबू धाबीचा अल जझिरा, स्पेनमध्ये अलावेस, वायादोलिद, कादिझ, शिवाय ग्रीस, इंग्लंडचा मिडल्सब्रो, नेदरलँड्स.

भारतात 2018 मध्ये तो नॉर्थईस्ट युनायटेड क्लबकडे आला तेव्हा 34 व्या वर्षात होता. या वयात परदेशी स्ट्रायकर इकडे फक्त पैशासाठी येतो असं सर्रास म्हणतात. त्याच्याबाबत ते साफ चूक आहे. नॉर्थईस्टसाठी 12 गोल, केरळ ब्लास्टर्ससाठी 15, मग मुंबई सिटी. गोव्यात फातोर्ड्याला झालेली 2021 ची आयएसएल फायनल आठवा: शेवटच्या मिनिटाला गोलकीपरच्या चुकीवर झडप घालून त्याने स्वतः घाईने शॉट न मारता बिपिन सिंगला पास दिला, आणि मुंबई पहिल्यांदा चॅम्पियन झाली. माझ्या मते तो पास त्याच्या कित्येक गोलांपेक्षा मोठा. पुढच्याच हंगामात हैदराबादकडून 18 गोल, गोल्डन बूट (हंगामातल्या सर्वाधिक गोलांचा पुरस्कार) आणि पुन्हा विजेतेपद. लीगमध्ये एकूण 63 गोल. हा विक्रम नंतर सुनील छेत्रीने मोडला.