चालू प्रोजेक्टमध्ये एकही टेस्ट (कोड तपासणारा कोड) नाही. टीडीडी (आधी टेस्ट, मग कोड) हळूहळू कसं आणावं आणि मॅनेजरला कसं पटवावं?

मॅनेजरची परवानगी मागूच नका. टेस्ट हा कोड लिहिण्याचाच भाग आहे. एस्टिमेटमध्ये तिची वेगळी ओळ टाकलीत की डेडलाइन जवळ आल्यावर सगळ्यात आधी तीच कापली जाते.

सुरुवात बगपासून करा. आमच्याकडे सबस्क्रिप्शनच्या बिलिंगचा जुना कोड होता. 31 जानेवारीला प्लॅन घेतलेल्या ग्राहकाला फेब्रुवारीत बिल गेलंच नाही, गेलं ते थेट 3 मार्चला. जावास्क्रिप्टमध्ये 31 जानेवारीचा नुसता महिना बदलला की 31 फेब्रुवारी होते आणि उरलेले दिवस मार्चमध्ये सांडतात. फिक्स दोन ओळींचा. पण मी आधी टेस्ट लिहायला घेतली तर लिहिताच येईना, कारण फंक्शन आतल्या आत सिस्टिमची आजची तारीख उचलत होतं. ती बाहेरून पॅरामीटर म्हणून दिली, टेस्ट चालवली आणि लाल झाली, म्हणजे नापास: अपेक्षित 28 फेब्रुवारी, आली 3 मार्च. मग फिक्स केला, हिरवी झाली, म्हणजे पास. आधी लाल झालेली पाहिली नसेल त्या टेस्टवर माझा भरवसा नाही.

आमचे लीड सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन ओळींच्या फिक्सला अर्धा दिवस? टेस्टिंगला क्यूए आहेत ना!" हे वाक्य मला आजही पटत नाही. पुढची टेस्ट लिहिताना प्रश्न पडला की 28 फेब्रुवारीनंतरचं बिल 28 मार्चला जायचं की 31 मार्चला? प्रॉडक्टवाल्यांनीही ते ठरवलेलं नव्हतं. जे ठरलेलंच नाही ते क्यूए कशाशी ताडून बघणार? पुढे वार्षिक प्लॅन आणताना एकाने तोच हिशेब पुन्हा "सोपा" केला, तेव्हा तो बदल मुख्य कोडमध्ये मर्ज होण्याआधीच ती जुनी टेस्ट लाल झाली. त्यावर लीड काहीच बोलले नाहीत.

वेळ जास्त लागतो, हे मात्र लपवू नका. 2008 साली टीडीडी वापरणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या तीन आणि आयबीएमच्या एका टीमवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रिलीजपूर्वीच्या दोषांचं प्रमाण 40 ते 90 टक्क्यांनी कमी झालं होतं आणि सुरुवातीचा वेळ 15 ते 35 टक्के वाढला होता. मॅनेजरला दोन्ही आकडे सांगा.

आणि हो, सगळ्या जुन्या कोडला टेस्ट लिहायला बसू नका. जिथे हात घालाल तेवढंच करा. तिथेही कोड आज जे करतोय, चूक असलं तरी, ते आधी टेस्टमध्ये पकडा आणि मगच बदला. रोज बदलणाऱ्या स्क्रीनच्या मांडणीसाठी मी टेस्ट आधी लिहीत नाही, दोन दिवसांत टाकून द्यायच्या प्रोटोटाइपसाठीही नाही. कव्हरेजचं (टेस्टमधून किती टक्के कोड चालतो त्याचं) टार्गेट तर कुणाला लावूच देऊ नका. लोक एकही ॲसर्ट (निकाल ताडून बघणारी ओळ) नसलेल्या टेस्ट लिहून आकडा गाठतात, आणि मग तोच आकडा पुढे करून लीड म्हणतात, "बघा, टेस्ट असूनही बग आलेच."