वाडा पडतोय, भोकरी द्राक्षाची जुनी वेल कशी वाचवायची?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय की वाडा दिवाळीनंतर पाडणार, मागच्या चौकात मांडवावर सासऱ्यांनी लावलेली भोकरीची (द्राक्षाची जुनी जात) वेल आहे, ती मुळासकट काढून टेरेसवर नेली तर जगेल का?

ताई, एवढ्या जुन्या वेलीची मुळं कुठवर गेलीयेत सांगता येत नाही, जेसीबीनं उपटली की मुळं जमिनीत आणि तुमच्या हातात नुसता बुंधा. वेल जाऊ द्या, काडी वाचवा. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी याच वर्षी फुटलेली, तपकिरी झालेली, पेन्सिलीएवढी जाड काडी घ्या, तीन-चार डोळ्यांचे (डोळा म्हणजे जिथून फूट येते ती गाठ) तुकडे करा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ आणि वरचा तिरका, म्हणजे उलटी लावली जात नाही (आमच्याकडेही लागल्यात, हसू नका). पिशवीत माती, वाळू, शेणखत, दोन डोळे मातीत. वीसेक तरी लावा, काही जळणारच. पानांच्या कडा खाली वळून पान पिवळं-लाल पडत असेल तर त्या फांदीची काडी नको, व्हायरस काडीतून पुढे जातो आणि त्यावर फवारणी नाही.

एक दादा विचारतात बिया पेरल्या तर चालेल का, भोकरीत बी भरपूर असतंय. पेरा हौस म्हणून, पण येईल ती भोकरी नसेल. पुण्यात गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात पंढरी साहेबी या द्राक्षाच्या बियांच्या रोपांतूनच चीमा साहेबी ही नवी जात निवडली होती, म्हणजे बी पेरलं की वेगळंच काहीतरी निघतं.

टेरेसवाल्यांना एवढंच, निदान सहा तास ऊन पाहिजे, ड्रम मोठा घ्या पण आधी स्लॅबचं इंजिनियरला विचारा. बोअरचं पाणी खारट असेल तर डॉगरिज खुंट (खारं पाणी सोसणारी, फक्त मुळांसाठी लावायची द्राक्षाची जात) लावा आणि ऑगस्ट-सप्टेंबरला त्यावर तुमच्या भोकरीच्या रोपाच्या काडीचं पाचर कलम करा, म्हणजे खुंटाला चीर देऊन त्यात काडी पाचरीसारखी बसवा. भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांवर लक्ष ठेवा, शेजारी शाळा असेल तर फवारणी सुट्टीच्या दिवशी.

आणि सगळी रोपं एकाच गच्चीवर ठेवू नका हो, दोन नातेवाइकांकडे द्या, एखाद्या बागायतदाराला द्या. बिनबियांची थॉमसन द्राक्षं आल्यापासून भोकरी, फकडी, साहेबी बागांतून गेल्याच, आता कुणाच्या परसात एखादी सापडते. नाव पक्कं करायला पुण्याजवळ मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात विचारा, फोटो दाखवताना पानाची मागची बाजू आणि घड दोन्ही दिसू द्या, नुसत्या मांडवाच्या फोटोवरून जात कळत नाही.