विचारा बिनधास्त : कंट्रोल के दाबलं आणि बाकीचे शॉर्टकट गेले

प्रश्न : मी दिवसभर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत असतो. तिथे कंट्रोल के दाबलं की कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं उडतं, तेच व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये हवं होतं म्हणून शॉर्टकटच्या यादीत जाऊन लावलं. ते मस्त चालतंय, पण आता कॉमेंटचा कंट्रोल के कंट्रोल सी बंद, थीम बदलायचा बंद, आणि कहर म्हणजे ती यादी ज्या शॉर्टकटने उघडायचो तोही बंद. विंडोजवर आहे. मॅकवाला मित्र म्हणतो माझ्याकडे तर सगळं चालतं. हे काय झालं?

उत्तर : बिघडलं काहीच नाहीये, सगळ्या खोल्यांना जायचं एकच दार होतं आणि तुम्ही त्यालाच कुलूप लावलंत. विंडोज आणि लिनक्सवर व्हीएस कोडमध्ये कंट्रोल के हा नुसता पहिला टप्पा असतो. तो दाबला की खालच्या पट्टीत एडिटर लिहितो की आता दुसरी की येऊ दे, आणि मग कंट्रोल सी आलं तर कॉमेंट, कंट्रोल टी आलं तर थीम, कंट्रोल एस आलं तर तुमची ती यादी, नुसता झेड आला तर झेन मोड, म्हणजे बाकी सगळं लपवून फक्त कोड दाखवणारा पडदा, असे ढीगभर शॉर्टकट त्या एका कीवर लटकलेत. एडिटर नियम खालून वर वाचतो, तुमचे नियम सगळ्यात खाली असतात, आणि जो आधी जुळला तो चालला, पुढे बघायचंच नाही. तुमचा नियम म्हणतो कंट्रोल के आलं की पुसून टाक, मग तो दुसऱ्या कीची वाट कशाला बघेल? मित्राचं म्हणाल तर मॅकवर हे सगळे शॉर्टकट कमांड के वर आहेत आणि कंट्रोल के तिथे मुळातच ओळ पुसायला दिलंय, त्यामुळे त्याला हा ताप माहीतच नाही.

आधी यादीत परत शिरा. कंट्रोल शिफ्ट पी किंवा एफ वन दाबून कमांड पॅलेट, म्हणजे नाव टाइप करून कमांड चालवायची पट्टी उघडा, तिथे ओपन कीबोर्ड शॉर्टकट्स टाइप करा, यादी उघडेल. डिलीट ऑल राइट, म्हणजे तुमची ती ओळ पुसायची कमांड शोधा, उजवं क्लिक, रिसेट कीबाइंडिंग. झालं, जुने सगळे परत.

आता ओळ पुसायचं काय? कोणीतरी तुम्हाला सांगेल की नियमाला व्हेनची, म्हणजे हा शॉर्टकट कधी चालावा याची अट लाव, म्हणजे फक्त एडिटरमध्ये असताना चालेल. इथे त्याचा उपयोग शून्य, कारण कॉमेंटसुद्धा तुम्ही एडिटरमध्ये असतानाच करता ना! व्हेन कामाला येतं ते एकच की दोन वेगळ्या ठिकाणी दोन कामांना हवी असेल तेव्हा, म्हणजे पायथनच्या फाइलमध्ये एक आणि मार्कडाउनमध्ये दुसरं, किंवा सजेशनची खिडकी उघडी असताना वेगळं. मी तुमच्या जागी असतो तर ऑल्ट के दिलं असतं, बोट त्याच अक्षरावर जातं, चारेक दिवस चुकाल आणि मग हाताला बसेल. देण्याआधी यादीच्या शोधपट्टीतलं कीबोर्डचं चिन्ह दाबा आणि मग हवी ती की दाबा, ती आधीच कुणी घेतलीय का ते समोर दिसतं. हे चिन्ह बरेच जण बघतच नाहीत आणि शेकडो ओळी स्क्रोल करत बसतात.

आणि एक, रिसेट केल्यावर एडिटरच्या आतल्या टर्मिनलमध्ये कंट्रोल के शेलपर्यंत, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामपर्यंत पोचणार नाही, मधेच एडिटर पकडेल. सेटिंग्जमध्ये अलाउ कॉर्ड्स (कॉर्ड म्हणजे असा दोन टप्प्यांचा शॉर्टकट) शोधून टर्मिनलसाठीचा तो पर्याय बंद करा, मग तिथे तुमची सवय जशीच्या तशी चालेल आणि एडिटरमधल्या शॉर्टकटना धक्का नाही.

प्रश्न : व्हीएस कोडमध्ये कंट्रोल ऑल्ट आणि खालचा बाण दाबलं की एकाखाली एक कर्सर यायला हवेत ना? माझी तर स्क्रीनच उलटी होते!

उत्तर : हसू नका म्हणणार नाही, पण हा जुना आजार आहे. काही ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन चालवणारे प्रोग्राम, हीच की स्क्रीन फिरवायला वापरतात आणि ते एडिटरच्या आधी ती उचलतात, मग एडिटरमध्ये कितीही नियम बदला, काही होणार नाही. ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये हॉट की बंद करा.

की कुठे अडकतेय हे कळत नसेल तेव्हा पॅलेटमध्ये टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग चालवा. खाली आउटपुटची खिडकी उघडते, आता की दाबायची आणि बघायचं. ओळी उमटल्या तर की पोचलीय, कुठली कमांड जुळली तेही त्यातच लिहिलेलं असतं, म्हणजे भांडण घरातलं, एखाद्या एक्स्टेन्शनने, म्हणजे एडिटरला वरून जोडलेल्या प्रोग्रामने वगैरे घेतली असेल. अक्षरही उमटलं नाही तर बाहेर कुणीतरी खाल्ली.

प्रश्न : ऑफिसात विंडोज, घरी मॅक. व्हीएस कोडचं सिंक चालू आहे, म्हणजे एकीकडचं दुसरीकडे आपोआप यायला हवं, सेटिंग्ज येतात पण शॉर्टकट येत नाहीत.

उत्तर : ते मुद्दाम तसं आहे. सिंकमध्ये कीबाइंडिंग्ज पर प्लॅटफॉर्म (प्रत्येक सिस्टिमचे शॉर्टकट वेगळे) हा पर्याय सुरुवातीपासूनच चालू असतो, म्हणून विंडोजचे वेगळे आणि मॅकचे वेगळे साठतात. बंद केलात तर सगळीकडे एकच फाइल जाईल, पण त्यातलं कंट्रोल मॅकवर कंट्रोलच राहतं, आपोआप कमांड होत नाही, मग एकेका नियमाला मॅक आहे का अशी अट लावत बसाल. दहा-बारा शॉर्टकट असतील तर मॅकवर हाताने पुन्हा लावा, लवकर होईल.